लाल शेरा



कॅलिफोर्नियातल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थी-यश योजनेचं सॉफ्टवेअर मी लिहीत होते. पूर्वी तिथे चाचणी घेऊन मुलांना पायाभूत गणितात बसवत. ते गुण पदवीला धरतही नसत. २०१७च्या एबी ७०५ कायद्याने शाळेतले गुण बघणं सक्तीचं केलं. मी मात्र गैरहजेरी दिसली की नावापुढे लाल शेरा टाकत होते. समुपदेशक म्हणाली, "हा रात्रपाळी करतो, ते यात कुठे दिसतं?"

आठवीत सहामाहीला मी गणितात नापास झाले, तेव्हा बाईंनी मधल्या सुट्टीत हळूच विचारलं होतं, "घरी कोणी आजारी आहे का गं?" आई होती.

शेरा मी काढला. तिथे आता विद्यार्थ्याचा फोन नंबर येतो, आणि फोन कोणी केला त्याची नोंद.