पगाराची तारीख आणि साम्राज्याचा अस्त



साम्राज्ये का बुडाली याचा शोध पंडित बहुधा रणांगणावर घेतात. आम्ही कामगार चळवळीतली माणसे. शाळा आमच्या वाट्याला थोडी आली. वाचन झाले ते रात्रपाळी संपवून. त्यामुळे कोणत्याही राज्याची पगाराची वही आम्ही आधी उघडतो. तशी एक वही इटलीतील तुरीनच्या संग्रहालयात आजही आहे.

ती पपायरसवर लिहिलेली आहे. इ. स. पूर्व ११५७ च्या सुमाराची, इजिप्तचा राजा तिसरा रामसेस याच्या २९ व्या वर्षातील हकीकत तीत कारकुनाने टिपली आहे. राजांची थडगी खोदणारे कारागीर देर अल-मदीना या वस्तीत राहत. नाणे तेव्हा नव्हते. महिन्याला साडेपाच गोण्या धान्य, म्हणजे चार खपली गव्हाच्या आणि दीड सातूची, हाच साध्या कारागिराचा पगार. तो थकला. तेव्हा ही माणसे काम टाकून निघाली आणि देवळाच्या मागे ठाण मांडून बसली. भुकेपायी आलो आहोत, राजाला कळवा, असे त्यांनी सांगितले. लेखी इतिहासातला हा पहिला संप मानतात. थकबाकी मिळाली, पुन्हा थकली, पुन्हा संप झाला.

राज्य तेव्हा कंगाल होते काय? याच राजाने देवस्थानांना दिलेल्या दानांची नोंद असलेला दुसरा पपायरस सुमारे ४२ मीटर लांब आहे!

परकी स्वाऱ्या, धान्याची महागाई, पुढचे दुबळे राजे, अशी अस्ताची कारणे अनेक. केवळ थकलेल्या पगाराने इजिप्त बुडाला, असे आम्ही म्हणत नाही. पण नवव्या रामसेसच्या काळी थडगी फुटली, तेव्हा आरोपींत थडग्यांवर काम करणारे कारागीरही होते. चोरीचे समर्थन आम्ही करणार नाही. मात्र राखणदारच राज्याला परका का झाला, हे विचारले पाहिजे. इ. स. पूर्व १०७० च्या सुमारास ते राज्य दुभंगले.

आपल्याकडे पगार वेळेवर मिळावा म्हणून १९३६ साली कायदा करावा लागला. कायद्यात मुदत घालणे सोपे, पाळणे कठीण. रस्ता झाडणाऱ्या कंत्राटी कामगाराचा पगार दोन महिने अडावा आणि नव्या इमारतीचे उद्घाटन मात्र ठरल्या मुहूर्तावर व्हावे, हे जिथे घडते तिथे आम्हांला रामसेसचा दरबार आठवतो.

म्हणून आमची विनंती एवढीच : राष्ट्राची प्रकृती पाहायची तर महिना उलटल्यावर शेवटच्या माणसाच्या घरी धान्य पोचले की नाही, ते आधी पाहा.