सांधेदुखी आणि चालते पाय
(वार्षिक संमेलनप्रसंगी पावणे येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा शाळामास्तर शिक्षणावरच बोलणार असा मंडळाचा समज असावा. परंतु आज आम्ही गुडघ्यांवर बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेले निवृत्त शिक्षक आहोत. तथापि हे दुखणे गेली सहा वर्षे आमच्या घरी वस्तीला आहे, आणि चुकत चुकत जे शिकलो तेवढेच येथे सांगावयाचे आहे.

आपल्या गावच्या वडीलधाऱ्या मंडळींच्या गुडघ्यांनी काय काय सोसले आहे! आवणीच्या दिवसांत चिखलात ओणवे राहणे, खाडीचा गाळ तुडविणे, डोक्यावर भरलेल्या पाट्या वाहणे. पुढे ठाणे-बेलापूर रस्त्यालगत कारखाने उभे राहिले, १९७० साली सिडको स्थापन झाली, शेते संपादनात गेली. कष्ट गेले हे बरे झाले म्हणावे, तर कष्टांबरोबर हालचालही गेली. सूर्योदयापूर्वी बांधावर पोहोचणारी माउली ओटीवर खुर्ची टाकून बसली, ती बसलीच.

आमच्या मंडळींचेही तसेच झाले. डावा गुडघा दुखू लागला. ज्यांच्याकडे प्रथम गेलो त्यांनी सांगितले, "झीज झाली आहे, आता वापरू नका." आम्ही आज्ञाधारक! पाण्याचा पेलासुद्धा हातात नेऊन देऊ लागलो. आठ महिन्यांत मांडी वाळली, वजन वाढले, आणि हाताचा आधार दिल्यावाचून त्यांना उठता येईना. आमच्या सेवेनेच त्यांना पंगू केले, हे कबूल करताना आजही संकोच वाटतो. मध्यंतरी कोणी आणून दिलेल्या पुड्याही झाल्या. दोन दिवसांत आराम पडला खरा. परंतु अशा बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते, हे पुढे कळले. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्यासुद्धा डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांस अपाय करतात.

अखेर आमच्या एका विद्यार्थ्याची कन्या, जी भौतिकोपचार म्हणजे फिजिओथेरपी शिकलेली आहे, ती घरी आली. तिने मालिश केले नाही की यंत्र लावले नाही. तिने प्रथम समजावून सांगितले. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलला, दाबला, सुटला, म्हणजेच त्यातील वंगण तिच्यात झिरपते आणि तिचे पोषण होते. मांडीचा स्नायू बळकट असला तर गुडघ्यावरचा धक्का तो स्वतः झेलतो. वजन एक किलो उतरले तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. हा हिशेब आम्हां गणिताच्या मास्तरास फार पटला.

व्यायाम अगदी साधे. खुर्चीवर बसून पाय सरळ करावा, पाच अंक मोजेपर्यंत धरावा, सोडावा; असे दहा वेळा. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबावी. जमेल तसे हात न टेकता खुर्चीवरून उठावे. थोडे दुखले तर भ्यावयाचे नाही. दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेलेच राहिले तर मात्रा कमी करावी. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. आम्ही वर्षभर ती उलट्याच हातात दिली होती! तीन आठवडे काही फरक दिसेना आणि घरात कुरबुर झाली. दोन महिन्यांनी मात्र त्या एकट्या बाजारात जाऊन भाजी घेऊन आल्या. दुखणे गेले नाही, आजही आहे. पण भाजी त्याच आणतात.

एक इशारा. सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकत असेल, दोन्ही हातांची बोटे सुजत असतील, तर तो आमवाताचा निराळा प्रकार असू शकतो. तेथे विनाविलंब डॉक्टरांकडे जावे. सांधा लाल व ऊन होऊन ताप आला तर त्याच दिवशी जावे.

ही विद्या आपल्याकडे नवी नव्हे. १९५२ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात मुंबई महापालिका, भारत सरकार आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहकार्याने तिचे विद्यालय निघाले. आज नेरूळ व कामोठे येथेही ती शिकविणारी महाविद्यालये आहेत. तेथील एखाद्या जाणकारास आठवड्यातून एकदा आपल्या सभागृहात येण्याची विनंती मंडळाने करून पाहावी. एकट्याने व्यायाम टिकत नाही, दहाजणींच्या गप्पांत टिकतो.

आणि मंडळाने रागावू नये, पण आपले सभागृह पहिल्या मजल्यावर आहे. जिन्याला एकाच बाजूस कठडा आहे, तोही डुगडुगतो. वयोवृद्ध भगिनींच्या रांगेतल्या किती खुर्च्या आज रिकाम्या आहेत ते व्यासपीठावरून आम्हांस दिसत आहे. पुढील संमेलनापूर्वी दुसऱ्या बाजूस कठडा बसवावा आणि पहिला पक्का करावा, असा ठराव आम्ही मांडतो. खर्चाची सुरुवात म्हणून आमच्या निवृत्तिवेतनातील एक महिन्याची रक्कम खजिनदारांकडे आजच देत आहोत.