मोत्याच्या वाढदिवसाचा केक



नामदेवरायांची ती कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. कुत्र्यानें भाकरी पळविली, आणि हा ती कोरडी कशी खाणार, म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागें धांवले. शाळेंत ३० वर्षें ही कथा मीं मुलांस सांगितली. परंतु वाटी घेऊन धांवणाऱ्यानें वाटींत काय आहे तेंही पाहावें, हा धडा मला निवृत्त झाल्यावर, आणि तोही एका कुत्र्याकडून, शिकावा लागला.

आमच्या घरीं मोती नांवाचा कुत्रा आहे. जात गांवठी, वजन १० किलो. सन २०२३ मध्यें माझ्या नातवानें त्याचा वाढदिवस करण्याचें ठरविलें. बाजारांतून चॉकलेटचा केक मीच आणला, आणि ज्याचा वाढदिवस त्याला मोठा तुकडा, ह्या न्यायानें तो मोत्यापुढें मीच ठेवला. रात्रीं तो ओकूं लागला. त्याला एके जागीं बसवेना, धांप लागली, छातीवर हात ठेवला तों हृदय भरधांव चाललेलें. पशुवैद्यांनीं पहाटेपर्यंत उपचार केले, तेव्हां तो वांचला. "मास्तर, ह्याला केक कोणीं दिला?" त्यांनीं विचारलें. नातू माझ्याकडे पाहत होता. "मीं," एवढेंच मला म्हणतां आलें.

त्यानंतर मीं ह्या विषयाचा परीक्षार्थ्याप्रमाणें अभ्यास केला, त्याचें सार सांगतों.

कोकोमध्यें थिओब्रोमिन नांवाचें द्रव्य असतें. मनुष्य तें लौकर पचवितो. कुत्र्याच्या शरीरांत तें निम्म्यावर येण्यास सुमारें साडेसतरा तास लागतात. दर किलो वजनास २० मिलिग्रॅम पोटांत गेलें कीं लक्षणें दिसूं लागतात. मोत्याएवढ्या कुत्र्यास गडद चॉकलेटचे ४० ग्रॅम त्यास पुरेसे आहेत.

दुसरें संकट मनुका, बेदाणे व द्राक्षें यांचें. त्यांनीं मूत्रपिंडें निकामी होऊं शकतात, आणि किती दाण्यांनीं होतील याचा नेम नाहीं. म्हणून एक दाणाही देऊं नये. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हें त्याचें कारण असावें, असें पशुवैद्यांनीं २०२१ मध्यें मांडलें. तेंच आम्ल आपल्या चिंचेंतही असतें, हें गृहिणींनीं ध्यानांत ठेवावें. तिसरें संकट झायलिटॉल ह्या गोड द्रव्याचें. 'साखरविरहित' म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थांत, व कांहीं शेंगदाण्याच्या लोण्यांतही, तें असतें. त्यानें कुत्र्याच्या रक्तांतील साखर एकाएकीं उतरते व यकृतास इजा होते. कांदा, लसूण, जायफळ आणि यीस्ट घातलेलें कच्चें पीठ हींही वर्ज्यच.

मग केक करावा तरी कशाचा? कुत्र्याच्या खाण्यास 'केक' म्हणण्याची चाल नवी नाहीं. लंडनमध्यें १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट ह्या अमेरिकन गृहस्थानें कुत्र्यांसाठीं बिस्किटें विकावयास काढलीं, तीं 'डॉग केक' ह्या नांवानेंच प्रसिद्ध झालीं. त्यांत गव्हाचें पीठ, भाज्या व मांसाचा अंश असे. आमचा केकही त्याच वाटेचा आहे.

एक वाटी कणीक, अर्धी वाटी उकडून कुसकरलेला लाल भोपळा, दोन चमचे गाजराचा कीस, एक अंडें आणि लागेल तेवढें पाणी. मीठ, साखर, सोडा, कांहींही नको. भांड्यास तेलाचा हात फिरवून हें मिश्रण मोदकपात्रांत अर्धा तास वाफवावें. सुरी टोंचून कोरडी निघाली म्हणजे उतरावें, आणि पूर्ण निवूं द्यावें. वर हवा असल्यास चमचाभर बिनसाखरेचा चक्का लावावा. ज्याला दूध सोसत नाहीं त्यास तोही नको. गहूं न मानवणाऱ्यास कणकेऐवजीं तांदळाची पिठी चालेल. हा केक फुगत नाहीं, दिसावयासही बेताचाच. पण ज्याच्यासाठीं करावयाचा, तो रूप पाहत नाहीं.

प्रमाणही सांभाळावें. खाऊ हा दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक नसावा. मोत्यासारख्या कुत्र्यास दिवसाला सुमारें ६०० कॅलरी लागतात. ह्या केकांत ५०० हून थोड्या अधिक असतात. म्हणजे त्याच्या वांट्यास नववा भाग. मेणबत्ती लावलीच, तर ती काढून मगच ताट पुढें करावें.

आणि चुकून अपाय करणारें कांहीं पोटांत गेलेंच, तर लक्षणांची वाट पाहूं नये. मिठाचें पाणी पाजून ओकविण्याचा घरगुती उपाय तर मुळींच करूं नये. तो स्वतःच घातक आहे. पदार्थाचें वेष्टन बरोबर घेऊन तडक पशुवैद्याकडे जावें.

यंदा मोत्यानें आपला नववा भाग खाऊन ताटलीही चाटून स्वच्छ केली. नातवानें ती पुढें ठेवण्यापूर्वी मला विचारलें होतें, "आजोबा, ह्यांत काय काय घातलें आहे?" मीं एकेक जिन्नस सांगितला. सगळे ऐकून घेतल्यावरच त्यानें मोत्यास हांक मारली.