लहान पक्ष, मोठं काम
(कर्जत येथील सभेत एका गिरणी कामगाराने केलेले भाषण)



मी चौथी शिकलेला माणूस. साच्यावर उभं राहून जे कळलं, तेवढंच बोलतो.

महाराष्ट्र नवनिर्माण सेनेची पोरं कर्जत-खालापुरात झेंडा घेऊन फिरतात, तेव्हा लोक हसतात. विचारतात, "अरे, तुमचे आमदार किती?" खरं आहे. २००६ साली निघालेल्या या पक्षाचे २००९ साली १३ आमदार झाले, २०२४ साली एकही नाही. पण २०२५ च्या एप्रिलात सरकारनं पहिलीपासून हिंदीचा हुकूम काढला, तेव्हा याच पक्षानं रान उठवलं. शिक्षक उठले, लेखक उठले, दुसरे पक्षही उठले. २९ जूनला सरकारनं हुकूम मागं घेतला. आमदार नसला तरी लोक जागे करता येतात, हे त्यात दिसलं.

आता चुकलं तेही सांगतो. त्याच वर्षी मीरा रोडला मराठीवरून दुकानदाराला मारलं. त्यानं तुमच्या पगारात एक रुपया वाढला का? माझ्या शेजारच्या साच्यावर बिहारचा माणूस आहे. संपाच्या दिवशी तो माझ्याबरोबर फाटकाबाहेर उभा होता. त्याच्यावर हात उगारला, तर हसेल कोण? मालक!

माझ्या एका सोबत्याची दोन बोटं यंत्रात गेली. त्याच्यापुढं इंग्रजी कागद ठेवला. त्यानं सही केली. पुढं कळलं, कागदावर लिहिलं होतं, भरपाई मिळाली, तक्रार नाही. मराठीचा खरा लढा तिथं आहे, बंधूंनो!

याच मातीतले हुतात्मा भाई कोतवाल. माथेरानचे, शिकून वकील झालेले. त्यांनी आधी नडलेल्या शेतकऱ्यांसाठी धान्यकोठी काढली. मग १९४२ साली हाक दिली, तर माणसं घर सोडून मागं निघाली. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील धारातीर्थी पडले. आधी धान्य, मग झेंडा, हा त्यांचा प्रचार!

म्हणून प्रचाराला येईल त्याला, पक्ष कोणताही असो, विचारा: फाटकावर येऊन आमचे कागद वाचून दाखवशील का? नोटीस आणि पगारपत्रक मराठीत मागशील का? ठाकूर-कातकऱ्यांच्या वाडीवर मतदान झाल्यावरही चढशील का?

जो 'हो' म्हणेल आणि करील, तो पक्ष लहान नव्हे!

कामगार एकजुटीचा विजय असो! जय महाराष्ट्र!