कंपवात : ओळखावा, लपवू नये



आरतीचे तबक धरताना एखाद्याचा हात थरथरला, की कोणी म्हातारपण म्हणतो, कोणी व्यसनाचा संशय घेतो, तर कोणी देवाचा कोप समजतो. हा कंपवात असू शकतो. यात रुग्णाचा काडीमात्र दोष नाही. इंग्लंडच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन केले. मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी झिजतात आणि हालचाली मंदावतात. प्रत्येकाचा हात कापतोच असे नाही. अक्षर बारीक होणे, आवाज खोल जाणे, चेहरा निर्विकार दिसणे, उंबरठ्याशी पाऊल खिळणे ही देखील लक्षणे होत.

अशा वेळी अंगारे-धुपाऱ्यांत दिवस न घालविता नाशिकला मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवावे. आजार समूळ जात नाही. परंतु वेळच्या वेळी औषध व नित्य व्यायाम यांनी अनेकांना वर्षानुवर्षे आपली कामे करता येतात. खाजकुइलीच्या बियांत यावरील औषधाचाच अंश असतो, म्हणून ते चूर्ण मनाने घेऊ नये. चालू गोळ्याही मनाने बंद करू नयेत. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्ण व कुटुंबीयांना धीर देण्याचे कार्य करीत आले आहे. तोच धीर गावानेही द्यावा. नव्या देवळाच्या पायरीशी कोणी अडखळला, तर घाई न करता त्याला हात द्यावा.