दळण आणि ओवी

रविवारची उपासना संपली की चर्चच्या अंगणात एक वाक्य हमखास ऐकू येते: आपण बरे, आपले काम बरे. आधाराला पौलाचे थेस्सलनीकाकरांस पहिले पत्र तयारच असते. शांतपणे राहा, स्वतःच्या हातांनी काम करा, असा सल्ला त्यात आहे खरा. पण तो देणारा माणूस स्वतः कधी गप्प बसला होता?

पौल तंबू करणारा. क्लौद्य बादशहाच्या हुकुमामुळे रोम सोडून आलेले अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे त्याला करिंथात भेटले. तेही त्याच धंद्यातले. त्यांच्या घरी राहून तो कामाला लागला आणि दर शब्बाथाला सभास्थानात उभा राहून वाद घालू लागला. त्या शहरात तो दीड वर्ष राहिला. सुवार्ता सांगणाऱ्याचे पोट मंडळीने भरावे, हा हक्क त्यानेच करिंथकरांना लिहून कळवला आणि त्याच पत्रात आपण तो वापरला नाही हेही सांगितले. सुवार्तेला अडथळा नको, एवढेच त्याचे कारण.

जुन्या घरातली पहाट आठवा. बाई जात्यावर बसे, एका हाताने खुंटा ओढी, दुसऱ्याने घास टाकी आणि तोंडी ओवी चाले. ओवीसाठी दळण थांबत नसे आणि दळणासाठी ओवीही. नुसती गात बसली असती, तर घरात भाकरी झाली नसती. मुक्याने दळणारीचे पीठ पडे, पण ओसरीवर निजलेल्यांच्या कानी काही जात नसे. आपल्या मंडळ्यांत मुक्याने दळणारे फार झाले आहेत. पुन्हा सांगतो, पौलाने दळायला सांगितले, मुके व्हायला नाही.

आणि दळणारी कायम एकटी नसे. समोर जाऊबाई येऊन बसली, तिने खुंट्याला हात लावला, की पहिलीचा आवाज मोकळा होई. करिंथात तेच घडले. पौलाचे सोबती सीला आणि तीमथ्य मासेदोनियाहून आले, त्या बाजूच्या बंधूंची मदत पोहोचली आणि पौल वचन सांगण्यात गढून गेला. घेतलेल्या मदतीची त्याला लाज वाटली नाही. पाळकाला पगार देताना कुरकुरणाऱ्यांनी पौलाचे तंबू पुढे करू नयेत. हेही ओघात सांगून टाकतो.

हीच वाट धरणारा मिशनरी विल्यम कॅरी मूळचा चांभारकाम करणारा. 1793 साली तो बंगालात आला आणि मदनाबाटीच्या निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक झाला. तिथेच त्याचा बंगालीचा अभ्यास झाला, भाषांतर पुढे सरकले. पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवून मिळणारा पगार सेरामपूरच्या मिशनच्या सामाईक खर्चाला जाई. त्याच कॉलेजात वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने त्याने केलेले मराठीचे व्याकरण 1805 साली छापले गेले. मिळकत आणि साक्ष यांची दोन खाती त्याने कधी वेगळी ठेवली नाहीत.

आपल्याकडच्या पंडिता रमाबाईंचे काय? मुलींसाठी काढलेल्या शारदासदनात त्या ख्रिस्ती प्रार्थनेच्या वेळी आपल्या खोलीचे दार लावून घेत नसत. मुली आल्या तर येऊ देत. पुण्यात त्यावरून गदारोळ झाला आणि 1893 साली रानडे, भांडारकरांसारखे सल्लागार बाजूला झाले. बाईंनी दार लावले नाही. पुढे केडगावच्या आपल्या मुक्ती मिशनात विहिरी खणल्या, शेती केली, माग चालवले, छापखाना घातला. बायबलचे मराठी भाषांतर तिथल्या मुलींनी जुळवलेल्या खिळ्यांवर छापले. देणग्या परदेशातूनही येत, हे खरे, आणि त्यावर बोलायचे तर...

पण घड्याळ पुढे गेले. रेव्हरंड टिळकांनी 1917 साली मिशनची पगारी सेवा सोडून साताऱ्यात देवाचा दरबार उभारला, ती हकिकत आज राहिलीच. एवढे मात्र करा: प्रेषितांच्या कृत्यांचा 18वा अध्याय आज रात्री घरात मोठ्याने वाचा. 28च वचने आहेत. आणि शेजारी आले, तर दार उघडेच असू द्या.