थांबण्याविषयी



मृत्यूसमोर उभे राहून समाधानाने कसे जगावे, या विषयावर मी बोलणार आहे असे कळल्यावर सून म्हणाली, "बाबा, वार्षिक व्याख्यान आहे, जरा बरा विषय घ्यायचा होतात." मी म्हटले, अगं, ज्या गावात तांबे राहिले त्या गावात याहून बरा विषय कोणता?

भास्कर रामचंद्र तांबे मुंगावलीत जन्मले. पुण्या-मुंबईपासून दूर, या मध्य भारतातल्या संस्थानांत नोकऱ्या करीत त्यांनी आयुष्य काढले आणि ७ डिसेंबर १९४१ रोजी इथेच, ग्वाल्हेरला, ते वारले. आपण गेल्यावर जगाचे काय होईल, यावरची त्यांची कविता तुम्हांपैकी बहुतेकांना पाठ असेल. लताबाईंनी वसंत प्रभूंच्या चालीवर ती घरोघरी पोहोचवली. लोक क्षणभर हळहळतील आणि आपापल्या कामाला लागतील, ऊन-पाऊस चालूच राहील, असे कवी स्वतःविषयी सांगतो.

तरुणपणी मला ती कविता कडवट वाटे. वडील गेले, तेरावा झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाजीवाला नेहमीसारखा दारात आला. मेथी चांगली होती. आईने दोन जुड्या घेतल्या, एक परत केली, पैशांवरून घासाघीस केली. मी आतून ऐकत होतो आणि मला तिचा राग आला होता, हे आज कबूल करतो. पण दुपारी ती भाजी आम्ही सगळ्यांनी पोटभर खाल्ली. त्या दिवसापासून ती कविता मला कडवट वाटेनाशी झाली. आपल्यावाचून काही अडत नाही हे ज्याला खरोखर पटले, त्याच्या डोक्यावरचे केवढे ओझे उतरते! वडिलांना ते कधी पटले नाही. निवृत्त झाल्यावरही आपण नसलो तर कचेरीतले दप्तर कोण लावील, याची त्यांना काळजी असे. सतार शिकायची होती, ती राहिली.

आता याच कवीची दुसरी कविता घ्या, झाशीच्या राणीवरची. १८५८च्या जूनमध्ये राणी इथे पडली. फूलबागेजवळची तिची समाधी आपण सायकलवरून, टांग्यातून, आता मोटारीतून शेकडो वेळा ओलांडली आहे. त्या कवितेत तांबे वाटसरूला थांबवतात, दोन आसवे गाळायला सांगतात. म्हणजे बघा, स्वतःसाठी कोणी थांबणार नाही हे ज्याने हसतमुखाने मान्य केले, तोच दुसऱ्यासाठी मात्र थांबा म्हणतो. टीकाकार या दोन कवितांना वेगवेगळ्या कप्प्यांत घालतात, एक मृत्यूची, एक देशभक्तीची. मला त्या शेजारी-शेजारी ठेवाव्याशा वाटतात. आपल्याकडे सहसा याच्या उलट चालते. माझे नाव राहावे म्हणून माणूस देवळाच्या पायरीवर फरशी बसवतो, आणि शेजारच्या खोलीत म्हातारी काही सांगत असते तर म्हणतो, "नंतर."

हे 'नंतर' मीच म्हटलेले आहे, म्हणून बोलतो.

माझ्या आईला तांब्यांची पुष्कळ गाणी येत. पण रेडिओवरच्या चालींत नव्हेत. तांबे आपल्या कवितांबरोबर राग, जाती नोंदवीत, हे त्यांचे पुस्तक उघडले की दिसते. त्याच्या आधाराने म्हणा, कोणाकडून ऐकून म्हणा, लष्करातल्या बायकांच्या तोंडी वेगळ्या चाली होत्या. आईने त्या तिच्या मावशीकडून उचलल्या होत्या. तांदूळ निवडताना, नातवाला थोपटताना ती त्या गाई. मी टेपरेकॉर्डर आणला तो याचसाठी. आधी कॅसेट चांगली मिळेना, मग मुलाची परीक्षा, मग आईला खोकला झाला. "पुढच्या चैत्रगौरीला हळदीकुंकवाला बायका जमतील, तेव्हा बसवू," असे मी ठरवले. ती माघातच गेली.

तिची काही इच्छा राहिली होती असे मला वाटत नाही. गाणे कोणी जपून ठेवावे म्हणून ती गात नव्हती. तांदूळ निवडायचे होते आणि गळा होता, म्हणून गात होती. राहून गेल्याची रुखरुख आहे ती माझी. मरणाऱ्याच्या पश्चात्तापाविषयी आपण बरेच बोलतो, पण त्याचा मोठा वाटा मागे राहणाऱ्यांच्या पदरी येतो, आणि त्याचा तेरावा होत नाही.

तुमच्याही घरात असे कोणीतरी असेल. मोडी वाचणारे आजोबा असतील, सांदणाचे प्रमाण हाताच्या अंदाजाने सांगणारी आत्या असेल. त्या उद्या जातील म्हणून आज घाबरून वही घेऊन बसू नका. त्याने त्यांनाही अवघडल्यासारखे होते. नुसते जवळ बसा. मी बसलो असतो तर निदान चाल कानात मुरली असती.

आता मला एकाच गाण्याचे ध्रुपद येते, तेही अर्धे. रागाबद्दल खात्री नाही; भैरवी म्हणावी तर मध्येच कुठे वेगळा स्वर लागतो, आणि तो आईचा की माझ्या बेसूरपणाचा हे आता कोणाला विचारणार? परवा स्वयंपाकघरात सून तेच गुणगुणत होती. तिला ते माझ्याकडून आले. चूक असेल, पण मी दाराशी थांबलो.